मातीविना स्ट्रॉबेरी : नाशिक जिल्ह्यातील अडचणी आणि मार्ग

नाशिक जिल्हा म्हटला की द्राक्षे आणि कांदा ही दोन पिके प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या डोंगररांगांत वसलेल्या सुरगाणा आणि कळवण या आदिवासीबहुल तालुक्यांत गेल्या काही वर्षांत स्ट्रॉबेरीचे पीक चांगलेच रुजले आहे. भात, नागली आणि वरई ही पावसाळी पिके घरात आली की हाताला काम उरत नाही, म्हणून येथील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत किंवा शेजारच्या गुजरातेत मजुरीसाठी जात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड होऊन डिसेंबरपासून फळ देणाऱ्या या पिकाने त्यांपैकी काही कुटुंबांना हिवाळ्यात आपल्याच शेतात काम मिळवून दिले. बोरगावहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला हिवाळ्यात मांडलेली लाल फळांची खोकी ही त्या बदलाची साक्ष होय.

या यशाबरोबर एक नवा प्रश्नही उपस्थित झाला आहे. मातीविना, केवळ पोषकद्रव्ययुक्त पाण्यावर स्ट्रॉबेरी घेता येते, कमी जागेत अधिक रोपे बसतात आणि पाण्याची बचत होते, असे शेतकऱ्यांच्या कानावर येत असते. हे सर्व खरे आहे. तथापि एक-दोन एकरांचा धनी असलेला शेतकरी जेव्हा कर्ज काढून अशा व्यवस्थेकडे वळू पाहतो, तेव्हा तिच्या गुणांइतक्याच तिच्या अडचणीही त्याच्यासमोर मांडणे अगत्याचे ठरते. त्याला सल्ला देणारे अधिकारी, पंचायत सदस्य आणि शिक्षक यांनी त्या समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

पद्धत जुनी, साधने नवी

वनस्पतीला माती नव्हे, तर मातीतील क्षार, पाणी आणि हवा लागते, हे जर्मनीतील यूलियस झाख्स आणि व्हिल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून या तत्त्वावर पिके घेण्याचा पुरस्कार केला आणि पुढे या पद्धतीस 'हायड्रोपोनिक्स' हे नाव मिळाले. भारतातही १९४६ मध्ये जेम्स शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिंपाँग परिसरात खडी-वाळूवर आधारलेली एक स्वस्त पद्धत विकसित केली. ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली जाते.

आज स्ट्रॉबेरीसाठी प्रामुख्याने दोन पद्धती वापरल्या जातात. पहिलीत उतरत्या नळ्यांमधून पोषक द्रावणाचा पातळ प्रवाह सतत खेळवला जातो आणि रोपांची मुळे त्या प्रवाहात असतात. दुसरीत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, पिशव्यांत किंवा कुंड्यांत भरून त्यात रोपे लावतात आणि ठिबकद्वारे द्रावण देतात. नेदरलँड्स व बेल्जियम या देशांत कमरेइतक्या उंचीच्या मांडण्यांवर दुसऱ्या प्रकारची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. तेथे तण काढावे लागत नाही, फळ मातीला लागून कुजत नाही आणि तोडणी करणाऱ्याला वाकावे लागत नाही. हे लाभ कमी महत्त्वाचे नाहीत.

माती कोणती कामे करते?

अडचणींचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. माती ही केवळ रोपाला आधार देत नाही. पाणी दिले गेले नाही तरी ती काही दिवस ओल धरून ठेवते, खत कमीअधिक पडले तर त्याचा जोर सावरते, पाण्याचा सामू एकदम बदलू देत नाही आणि दुपारच्या उन्हापासून मुळांचे रक्षण करते. ही सर्व कामे ती विनामूल्य व न सांगता करते. माती काढून घेतली की त्यांतील प्रत्येक काम माणसाला स्वतः, रोज आणि वेळेवर करावे लागते. मातीतील चूक आठवड्याने दिसते आणि सुधारता येते, तर पाण्यातील चूक काही तासांत पीक घेऊन जाऊ शकते.

पाण्याची परीक्षा

सर्वांत पहिली परीक्षा पाण्याची असते. क्षार सहन करण्याच्या बाबतीत स्ट्रॉबेरी हे अत्यंत नाजूक पीक होय. पिकांच्या क्षारसहिष्णुतेची जी प्रमाणे जगभर वापरली जातात, त्यांनुसार मुळांजवळील मातीच्या अर्काची विद्युत वाहकता दर मीटरला १ डेसिसायमनच्या वर गेली की स्ट्रॉबेरीचे उत्पन्न घटू लागते आणि पुढील प्रत्येक एककामागे ते सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. द्राक्षाच्या बाबतीत ही मर्यादा दीड असून पुढील घट एककामागे दहा टक्क्यांच्या आत असते. म्हणजेच ज्या विहिरीच्या पाण्यावर द्राक्षबाग उभी आहे, ते पाणी स्ट्रॉबेरीला मानवेलच असे नाही.

त्यातच दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यात चुना आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण बहुधा अधिक असते. अशा पाण्याने द्रावणाचा सामू चढतो. स्ट्रॉबेरीस साधारणतः ५.५ ते ६.२ एवढा सामू मानवतो. तो याहून बराच वर गेला की लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. यावर उपाय म्हणून नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल मोजून मिसळावे लागते. आम्ल हाताळणे हे जोखमीचे काम असून हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षण यांवाचून ते कोणावरही सोपवू नये. शिवाय खतेही एकाच टाकीत कालवून चालत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटयुक्त खते यांचे तीव्र द्रावण एकत्र केल्यास साका बसतो व ठिबकच्या तोट्या बुजतात, म्हणून दोन टाक्या स्वतंत्र ठेवाव्या लागतात.

पाण्याच्या प्रश्नावर सुरगाण्यासारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यात एक सोपे उत्तर मात्र उपलब्ध आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी मिळते. एका रोपाला दिवसाला पाव लिटर पाणी धरले, तरी १,००० रोपांना १५० दिवसांत ३७,५०० लिटर पुरतात. गळती, बाष्पीभवन आणि निचऱ्याचे पाणी वजा जाताही हा हिशेब आशादायक आहे. खर्च येतो तो झाकलेल्या साठवण टाकीचा.

ऊन, हवा आणि वीज

स्ट्रॉबेरीचे प्रचलित वाण दिवस लहान व हवा थंड असताना फुलावर येतात. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर हे या पिकाचे माहेर ठरले आणि तेथील स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हे हवामान आहे. नाशिकचा हिवाळा या पिकास अनुकूल असला तरी मार्चपासून ऊन तापू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो. माती काढून टाकल्याने हवामान बदलत नाही. किंबहुना पिशवीतील किंवा नळीतील मुळे जमिनीतील मुळांपेक्षा लवकर तापतात.

तापलेल्या पाण्याचा दुसरा दोष असा की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. मुळांची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम आणि फायटोफ्थोरा या सूक्ष्म रोगकारकांचा हल्ला होतो आणि मुळे तपकिरी पडून कुजतात.

विजेचा प्रश्न याला जोडूनच येतो. नळ्यांतील प्रवाह थांबला की उन्हाच्या वेळी मुळे थोड्याच अवधीत सुकू लागतात. शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसाचे ठराविक तासच मिळत असल्याने पर्यायी वीजव्यवस्था नसलेल्या गावात नळ्यांची पद्धत स्वीकारणे धोक्याचे आहे. कोकोपीट काही तास ओल टिकवून धरते, म्हणून त्या तुलनेत ते अधिक सुरक्षित होय. मात्र कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम व पोटॅश असतात. ते स्वच्छ पाण्याने धुऊन आणि कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून मगच वापरावे, अन्यथा ते रोपाच्या वाट्याचा चुना स्वतःकडे ओढून घेते आणि कोवळ्या पानांची टोके करपतात.

रोप, रोग आणि मधमाशी

मातीतील रोग मातीबरोबर संपतात, हा समज अर्धाच खरा आहे. रोपे रोपवाटिकेतून येताना मुळांबरोबर रोग घेऊन येऊ शकतात. एकच द्रावण पुन्हा पुन्हा फिरवले जात असेल तर एका रोपाचा रोग सर्व रोपांपर्यंत पोहोचतो. पाण्याची जी बचत या पद्धतीचे भूषण मानली जाते, तीच अशा वेळी संकटाचे कारण ठरते. म्हणून निरोगी रोपे, धुतलेली मुळे आणि द्रावणाचे निर्जंतुकीकरण यांस पर्याय नाही. रोपाचे आखूड खोड, ज्यास शेतकरी 'क्राऊन' म्हणतात, ते कोकोपीटमध्ये पुरले जाणार नाही हेही पाहावे लागते. ते पुरले गेल्यास कुजते.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. स्ट्रॉबेरीच्या फळावर दिसणारा प्रत्येक दाणा हा फुलातील एका स्वतंत्र स्त्रीकेसरापासून तयार होतो आणि दाणा भरला तरच त्याच्याभोवतीचा गर फुगतो. कीटकरोधक जाळीने बंदिस्त केलेल्या शेडमध्ये मधमाशी पोहोचली नाही, तर परागीभवन अपुरे राहून फळे वेडीवाकडी होतात. अशा ठिकाणी सातेरी मधमाशांची पेटी ठेवणे आणि फुलोऱ्याच्या काळात औषध फवारणी टाळणे उपयुक्त ठरते.

खर्च आणि बाजार

गादीवाफे, आच्छादनाचा कागद आणि ठिबक यांवर होणाऱ्या नेहमीच्या लागवडीपेक्षा मातीविना लागवडीचा भांडवली खर्च कितीतरी अधिक असतो. सांगाडा, मांडण्या, पिशव्या, पंप, टाक्या आणि मोजमापाची उपकरणे हा सर्व खर्च पहिले फळ हाती येण्यापूर्वीच करावा लागतो. फळ मात्र त्याच बाजारात जाते. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरचा आणि सुरगाण्याचा माल एकाच वेळी येतो, तेव्हा फळ मातीतले की पाण्यातले हे पाहून ग्राहक अधिक दाम देईलच याची शाश्वती नाही. शिवाय सामान्य तापमानात हे फळ एक-दोन दिवसच टिकते. शीतगृह व जवळची निश्चित बाजारपेठ यांवाचून वाढीव उत्पन्न हे वाढीव नुकसानही ठरू शकते.

मधला मार्ग

याचा अर्थ ही पद्धत त्याज्य आहे असा नव्हे. शहरालगत खात्रीचा ग्राहक, अखंड वीज, उत्तम पाणी आणि प्रशिक्षित माणूस असेल तेथे ती यशस्वी होऊ शकते. द्राक्ष व पॉलीहाऊसमधील फुलशेतीमुळे पाणीपरीक्षण आणि ठिबकद्वारे खते देणे नाशिकच्या अनेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे, ही मोठीच जमेची बाजू होय.

डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्याने मात्र या शास्त्रातील परवडेल तेवढे प्रथम उचलावे, हे अधिक श्रेयस्कर. हंगामाआधी पाण्याची तपासणी, पावसाच्या पाण्याचा साठा, सामू व वाहकता मोजणारी लहान उपकरणे आणि शेडनेटखाली कोकोपीटमध्ये निरोगी रोपे तयार करणारी गटाची रोपवाटिका, एवढ्या गोष्टी मातीतील पिकालाही लाभदायक आहेत. त्यांतून हात बसल्यावर शंभर-दोनशे रोपांचा प्रयोग करावा आणि एक पूर्ण हंगाम पाहून मगच पुढचे पाऊल टाकावे.

ग्रामसभा आणि शाळा

सुरगाणा व कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असून १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथील विकास योजनांना मान्यता देण्याचा आणि लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. एखादा प्रस्ताव समोर आल्यास ग्रामसभेने काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. पाण्याचा तपासणी अहवाल आहे काय? वीज गेल्यास रोपे किती तास तग धरतील? रोज सकाळ-संध्याकाळ द्रावण मोजणारी व्यक्ती कोण? फळ कोणत्या बाजारात, कोणाला विकले जाणार? वापरलेले कोकोपीट, प्लॅस्टिक आणि खतमिश्रित निचऱ्याचे पाणी कोठे जाणार? हे पाणी नाल्यात सोडल्यास त्यातील नायट्रेट गावच्या पिण्याच्या विहिरीत उतरू शकते, म्हणून शेवटचा प्रश्न साऱ्या गावाचा आहे.

शाळांतूनही हा विषय सोप्या प्रयोगाने समजावता येईल. एका भांड्यात माती व दुसऱ्यात कोकोपीट घेऊन मेथी किंवा पालक लावावा, मग दोन्हींचे पाणी थांबवावे आणि कोणते रोप आधी मान टाकते याची नोंद मुलांनी ठेवावी. माती काय काम करते, याची चर्चा त्यातून घडवता येईल.

डोंगरातील शेतकऱ्याने स्ट्रॉबेरीच्या रूपाने हिवाळ्यातील रोजगार गावात आणला, तो त्याच्या कष्टांचे फळ आहे. नवे तंत्र त्या रोजगाराला बळ देणारे असावे, त्याला कर्जाच्या वाटेला लावणारे नसावे. तंत्र स्वीकारण्यापूर्वी त्याची किंमत मोजून पाहण्याची सवय गावोगाव रुजली, तर मातीत असो वा मातीविना, हे पीक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याला निश्चितच हितकारक ठरेल.