चौकट : डब्यातली खसखस आणि खोबऱ्याची वाटी

दुबईतल्या लेकीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईच्या बॅगेत साड्या कमी, डबे जास्त. त्यात अनारसे असतील तर जरा थांबा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिकडे ती अमली पदार्थांत मोजतात. सिंगापूरलाही ती चालत नाही. अनारशाला चिकटलेले दाणे, डिंकाच्या लाडवातली चिमूट, घरचा मसाला, सगळं आठवून पाहा.

सुक्या खोबऱ्याची वाटीही घरीच ठेवा. त्यात तेल भरपूर; दडपून ठेवलं की ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीत खोबरं धोकादायक मालात मोडतं.

लोणचं केबिन बॅगेत नको. 100 मिलिलिटरची मर्यादा त्यालाही लागते, मग ते कितीही घट्ट मुरलेलं असो! पॉवर बँकेचं उलटं: ती सामानात टाकायची नाही, जवळच ठेवायची.

ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याचा प्रत्येक जिन्नस प्रवेश अर्जावर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला दंड.

कागदांपैकी दोनच इथे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, असं अनेक देशांचं म्हणणं असतं. आणि आडनावाचा रकाना कोरा असेल तर तो आधी भरून घ्या: नोव्हेंबर 2022 पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टावर अमिरातीचा पर्यटन व्हिसा मिळत नाही.