विश्लेषण : सापाची धास्ती पायरीपायरीने कशी जाते?

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशी मुळशी तालुक्यातील गावे लागतात. जिथे भातखाचरे होती तिथे आता गृहसंकुले उभी आहेत. पावसाळा सुरू झाला की या संकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फोटो हमखास येतो : जिन्याखाली, पार्किंगमध्ये किंवा कुंडीमागे निघालेला साप. सर्पमित्राला फोन जातो, तो साप घेऊन जातो आणि बहुतेकांपुरता विषय संपतो. काहींचा मात्र तिथून सुरू होतो. ते संध्याकाळनंतर खाली उतरत नाहीत, मुलांना बागेत सोडत नाहीत, मोबाइलवर सापाचे नुसते चित्र आले तरी फोन हातातून टाकतात. या भीतीवर खात्रीचा उपचार आहे आणि तो बहुधा गोळ्यांशिवाय होतो. त्याला ‘एक्स्पोजर थेरपी’ म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ ठरवून, थोडे थोडे जायचे, असा हा उपचार.

साप धोकादायक असतोच, मग हा आजार कसा?

मुळशीत सापाला भिणे हा खुळेपणा नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप पुणे जिल्ह्यात आढळतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. हे मृत्यू प्रामुख्याने ग्रामीण भागातील आहेत. त्यामुळे ‘साप काही करत नाही, घाबरू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी आहे आणि तो खराही नाही.

फरक आहे तो प्रमाणाचा. आंबेमोहराची लावणी करणारी बाईही सापाला भिते; ती बांधावरून काठी आपटत जाते, पण शेतात जाते. आठव्या मजल्यावर राहणारा माणूस रोज रात्री तीनदा पलंगाखाली बॅटरी मारत असेल आणि गावच्या लग्नालाही जात नसेल, तर त्याची भीती धोक्याच्या मानाने फार मोठी झालेली असते. असे साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकले आणि त्यामुळे रोजचे जगणे आक्रसू लागले, तर तज्ज्ञ त्याला ‘फोबिया’ म्हणतात. गंमत अशी की, आपली भीती अवाजवी आहे हे त्या माणसाला बहुधा स्वतःलाच कळत असते. कळून उपयोग होत नाही, ही खरी अडचण.

टाळल्याने भीती का वाढते?

गवताजवळून जाताना छाती धडधडते, माणूस मागे फिरतो आणि लगेच हायसे वाटते. हे हायसे वाटणे म्हणजे मेंदूला मिळालेले बक्षीस. ‘मागे फिरलास म्हणून वाचलास’ एवढाच धडा तो घेतो. गवतात काहीच नव्हते, हे कळण्याची संधी त्याला मिळतच नाही. पुढच्या वेळी भीती आणखी लांबूनच सुरू होते.

घरचे लोकही मायेपोटी यात भर घालतात. कोणी आधी जाऊन खोली पाहून येते, कोणी वर्तमानपत्रातील सापाचे चित्र कापून टाकते. शिवाय ही भीती पाहून शिकता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांच्या प्रयोगांत, प्रयोगशाळेत वाढलेली माकडे आधी सापाला भीत नव्हती. जंगलात वाढलेली माकडे सापाला घाबरताना पाहिल्यावर ती घाबरू लागली. बाल्कनीत पडलेला दोरीचा तुकडा पाहून आई किंचाळली, तर शेजारी उभे असलेले मूल काय शिकेल, हे वेगळे सांगायला नको.

पायऱ्या कशा ठरवतात?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा किंवा भोपळा बांधत. सवय झाली की डबा सुटत असे. या उपचाराची रीत बरीचशी तशीच आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवली : तो आवडीचे खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणला जाई. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी या कल्पनेला पद्धतशीर उपचाराचे रूप दिले. भीतीला शून्य ते १०० असे गुण देण्याची त्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे.

समुपदेशक पहिल्या भेटीत साप दाखवत नाही. आधी यादी बनते आणि ती ज्याची त्याची वेगळी असते. एखाद्याची यादी अशी असू शकेल : कागदावर ‘साप’ हा शब्द लिहिणे, १५ गुण. शाळेच्या पुस्तकातले रेखाचित्र पाहणे, २५. रंगीत फोटो हातात धरणे, ४०. आवाज बंद ठेवून व्हिडीओ पाहणे, ५०. रबरी साप मांडीवर ठेवणे, ६०. काचेआडचा जिवंत साप लांबून पाहणे, ७५. त्याच काचेला हात लावून उभे राहणे, ९०. रबरी सापाची भीती व्हिडीओपेक्षा कमी वाटणारेही भेटतात. क्रम तज्ज्ञ लादत नाही, माणूस स्वतः ठरवतो.

प्रत्येक पायरीवर जाण्याआधी मनातला अंदाज लिहून घेतात. ‘काचेजवळ गेलो तर मला चक्कर येईल’, ‘पाच मिनिटे उभा राहिलो तर मी किंचाळत बाहेर पळेन’, असे काहीही. मग तिथे थांबायचे. भीती चढते, टिकते आणि बहुधा ओसरते. ती त्या दिवशी फारशी ओसरली नाही तरी बिघडत नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. लिहिलेला अंदाज खोटा ठरला का, हे जास्त महत्त्वाचे. चक्कर आली नाही, ही गोष्ट मेंदूने नोंदवायला हवी. म्हणूनच डोळे किलकिले करून पाहणे, सोबत्याचा हात घट्ट धरून ठेवणे, मनात आकडे मोजत राहणे या क्लृप्त्या हळूहळू काढून घेतल्या जातात. पाठीचा डबा कायम राहिला तर पोहता येते की नाही, हे कधीच कळत नाही.

काचेआडच्या पायरीसाठी पुणेकरांना लांब जावे लागत नाही. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे. त्याची सुरुवात करणारे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. साप उगाच चावत नाही, हे लोकांना दाखवायचा तो मार्ग होता. उपचार घेणाऱ्याने मात्र खैरेंचा कित्ता गिरवायचा नसतो.

एकदम धक्का दिला तर?

मित्राच्या गळ्यात रबरी साप टाकून ‘भीती मोडणारे’ प्रत्येक कंपनीत आणि प्रत्येक वसतिगृहात असतात. त्यातून उलट होण्याची शक्यताच जास्त. माणूस पळून जातो आणि पळाल्यानेच वाचलो, हा जुना धडा पक्का होतो. वर त्या मित्रावरचा विश्वासही जातो. पुढे काय होणार हे आधी माहीत असणे आणि थांबवण्याचा अधिकार स्वतःकडे असणे, या दोन गोष्टींशिवाय हा उपचार होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे.

खरेच गुण येतो का?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापांवरच्याच संशोधनातून आले. १९६९ मध्ये अल्बर्ट बंडुरा आणि सहकाऱ्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सापाला घाबरणारी माणसे गोळा केली. काहींना फिल्म दाखवली, काहींना शिथिलीकरणासोबत कल्पनेतला साप दिला आणि एका गटासमोर तज्ज्ञाने बिनविषारी साप हाताळून दाखवला, मग त्यांच्याकडून हळूहळू तेच करवून घेतले. या शेवटच्या गटातील जवळपास सगळ्यांची भीती गेली. स्वीडनचे लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये तर सुमारे तीन तासांच्या एकाच बैठकीत हा उपचार बसवला. पायऱ्या त्यातही असतातच, फक्त त्या एका दिवसात चढायच्या.

मुळशीची शेवटची पायरी कोणती?

परदेशी प्रयोगांत शेवटी साप हातात घेतला जाई. इथे ते करू नये. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. पकडणे, खेळवणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांच्यात भले भले फसतात.

त्याऐवजी शेवटची पायरी साधी असते : संध्याकाळी बॅटरी घेऊन, पायात बूट घालून सोसायटीच्या गवताकडेच्या वाटेने फिरून येणे. ही पायरी गाळता येत नाही. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवा अनुभव साठतो आणि तो जिथे मिळाला त्या जागेशी जोडलेला राहतो. त्यामुळे कात्रजच्या काचेपुढे निवांत उभा राहणारा माणूस भुकूमच्या पायवाटेवर पुन्हा थिजू शकतो. दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि पावसात, सोबत घेऊन आणि एकट्याने, असा सराव बदलत ठेवावा लागतो. पहिल्या पावसात भीतीने पुन्हा डोके वर काढले, तर दोन पायऱ्या खाली उतरून परत चढायचे.

सावधपणा मात्र सोडायचा नाही. अंधारात बॅटरी, झोपताना मच्छरदाणी, घराभोवती अडगळ नको. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ला फोन करून रुग्णालय गाठायचे.

सगळ्या भीतींना हीच पद्धत का?

ताम्हिणी घाटात गाडी चालवणे, उंची, लिफ्ट, कुत्रा, पाणी यांची भीती असेल तर तत्त्व हेच. रक्त आणि इंजेक्शनची भीती मात्र वेगळी. तिथे आधी नाडी वाढते, मग रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस खरोखर बेशुद्ध पडू शकतो. अशांना अंग सैल सोडायला न सांगता हात, पाय आणि पोटाचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळायला शिकवतात, म्हणजे रक्तदाब टिकतो. पायऱ्या त्यानंतर सुरू होतात.

सुरुवात कुठून करावी?

सौम्य भीती असेल तर यादीच्या खालच्या पायऱ्या घरी करून पाहता येतात. पॅनिकचे झटके, हृदयविकार, गरोदरपण किंवा जुना मानसिक आघात असेल, तर तज्ज्ञाशिवाय सुरू करू नये. चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत. त्यांचा सरावावर काय परिणाम होईल, हे डॉक्टरांनाच विचारावे. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण सेवा मिळते. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारावे आणि आणखी एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा : तुम्ही फक्त बोलून घेणार, की माझ्यासोबत पायऱ्याही चढणार?