टेम्पो परत गेल्यावर

२०२५ च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या तोंडावर, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम आणि परंडा तालुक्यांवर आभाळ फाटलं. सीनेसह लहानमोठ्या नद्यांनी पात्र सोडलं. एरवी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या या भागात माणसं घरांच्या छतांवर अडकून पडली. त्यांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. परंडा तालुक्यातल्या वडनेरमध्ये खासदार ओमराजे निंबाळकर स्वतः पुराच्या पाण्यात उतरून बचावकार्यात सामील झाले. तो व्हिडिओ काही तासांत राज्यभर फिरला.

धाराशिवच्या पुराची बातमी पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचली ती अशा व्हिडिओंमुळे. मग पोस्टमागून पोस्ट सुरू झाल्या. कुणी किराण्याचं आवाहन केलं, कुणी चादरींचं, कुणी वह्या-पुस्तकांचं, आणि मदतीचे टेम्पो मराठवाड्याच्या वाटेला लागले. हे चांगलंच झालं. जो भाग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही क्वचित येतो, त्याच्यासाठी अनोळखी माणसांनी खिशात हात घातला. समाजमाध्यमांची ही ताकद नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण त्याच आठवड्यात दुसरं चित्रही फिरलं. पूरग्रस्तांना वाटायच्या किटवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो छापलेले होते. राज्यभर टीका झाली. पिशवीवरचा फोटो बघू नका, आत काय आहे ते बघा, असं शिंदे यांचं म्हणणं होतं. हा वाद नवा नव्हता. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात गहू-तांदळाच्या पाकिटांवर तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि इचलकरंजीचे आमदार सुरेश हाळवणकर यांचे फोटो चिकटवले होते, तेव्हाही असंच वादळ उठलं होतं.

नेत्यांचे फोटो लगेच डोळ्यांत खुपतात. तोच न्याय इतर मदतकर्त्यांना मात्र सहसा लावला जात नाही. टेम्पोवर मंडळाचा फ्लेक्स, हातात किट घेतलेल्या म्हातारीचा चेहरा जवळून, मागे संस्थेचं नाव आणि खाली क्यूआर कोड, अशा पोस्टवर लोक हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पाडतात. त्या म्हातारीला फोटो काढू का, असं कुणी विचारलेलं नसतं. किट हातात पडायचं असेल तर कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, हे तिला न सांगता कळतं. गरजवंताच्या चेहऱ्याचा असा वापर लाजिरवाणा आहे, मग पिशवीवर फोटो कुणाचा का असेना.

व्हायरल मोहीम चित्राच्या मागे धावते आणि पुरात चित्र असतं पाण्याचं. पाणी दोन-चार दिवसांत ओसरतं. त्यानंतर उरतं ते फोटोत नीट येत नाही. विहीर गाळानं काठोकाठ भरलेली असते. मोटर, स्टार्टर, केबल, पाइप सगळं गाळाखाली गेलेलं असतं. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले असतात. कडब्याची गंज वाहून गेलेली असते, आणि जनावर वाचलं असलं तरी त्याला घालायला काही नसतं. पासबुक आणि सातबाऱ्याचा उतारा ओल्या पिशवीत चिकटून बसलेले असतात. नदीकाठच्या रानात तर माती धुऊन जाऊन खालचा मुरूम उघडा पडतो. त्या रानाला वापसा येऊन तरी काय होणार? ज्वारी-हरभऱ्याचं बी टाकायला जमीनच उरलेली नसते.

राज्य सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाख रुपये मनरेगातून, दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये आणि बुजलेल्या विहिरीमागे ३०,००० रुपये अशी तरतूद होती. हे आकडे पुरेसे की अपुरे, यावर शेतकरी संघटना भांडल्या आणि ते त्यांचं कामच आहे. पण नुकसान कशाचं झालं, हे या यादीवरून तरी कळतं. समाजमाध्यमांवरची आवाहनं मात्र बहुतेक किराणा आणि कपड्यांभोवती फिरत राहिली. किराणा पंधरा दिवसांत संपतो. शिवाय टेम्पो डांबरी रस्त्यानं येतो आणि जिथं गर्दी दिसते तिथं रिकामा होतो, त्यामुळे रस्त्यावरच्या गावात एका घरी तीन-तीन किट जातात आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला एकही मिळत नाही.

जुन्या कपड्यांची गोष्ट तर सगळीकडे सारखीच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगाचं त्यात फारसं नव्हतं. ते कपडे निवडून, धुऊन पुन्हा वापरात आणायचं काम ‘गूंज’ या संस्थेला करावं लागलं.

मदतीच्या लाटेचा अनुभव धाराशिवला समाजमाध्यमं येण्याच्या कितीतरी आधी आला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन उरकून गावं झोपली होती. लातूरमधलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि त्यांच्या आजूबाजूची गावं भूकंपात काही क्षणांत मातीत गेली. माळवदाची घरं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर. तेच ओझं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. साधारण आठ ते दहा हजार माणसं गेली. दूरदर्शन आणि वर्तमानपत्रांतून चित्रं पोचली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. बघ्यांचाही झाला. त्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले आणि बचावाच्या गाड्यांना वाट मिळेना.

त्या लाटेतलं पुढं टिकलं काय, हे आज तीसहून अधिक वर्षांनी तपासून बघता येतं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं जागतिक बँकेच्या साह्यानं नव्या जागी वसवली गेली. कंपन्यांनी आणि संस्थांनी गावं दत्तक घेतली. घरं पक्की झाली, माणसांच्या मनातली भीती कमी झाली, हे मोठंच काम होतं. पण बऱ्याच ठिकाणी आराखडा शहरी वसाहतीचा होता. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा. गोठा कुठं, अवजारं कुठं ठेवायची, भावकी शेजारी राहणार की गावाच्या दुसऱ्या टोकाला, हे प्रश्न कागदावर आलेच नाहीत. पुढं लोकांनी आपल्या हातानं पत्रे ठोकून, भिंती घालून त्या घरांना आपली घरं केली.

याउलट ज्यांनी आधी विचारलं, त्यांचं काम वेगळं उभं राहिलं. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यासाठी शेकडो गावांत स्थानिक बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. घर कसं बांधायचं, अनुदानाचा हप्ता कधी येणार, गवंड्यानं कोपऱ्यात सळई घातली की नाही, हे त्या बायका बघू लागल्या. त्यांतूनच पुढं बचतगट आणि शेतीची कामं उभी राहिली. धाराशिव जिल्ह्यातल्याच अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला नेली आणि वर्षानुवर्षं त्यांचं शिक्षण केलं. ही कामं एका चित्रात मावणारी नाहीत. बारा-पंधरा वर्षं एखाद्या मुलाची फी भरणं कसं व्हायरल होणार?

म्हणून धाराशिवच्या माणसाला व्हायरल आवाहनाबद्दल शंका आली, तर तिला कोरडेपणा म्हणू नये. त्याच्या जिल्ह्यानं मदतीचे दोन्ही प्रकार बघितले आहेत.

शंकेचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पडद्यावर दिसणारं खरं असेलच असं नाही आणि भल्यासाठी बनवलेलंही वाईट कामाला लागू शकतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथ डवरी गोसावी समाजातल्या पाच भटक्या माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. त्या वर्षी मुलं पळवण्याच्या अफवांसोबत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून आलेले दोघं रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढं ढकलला. ज्यांनी ढकलला त्यातल्या बहुतेकांना आपण मुलांचं भलंच करतोय असं वाटत होतं.

पैशाच्या बाबतीत फसवणूक तर एका अक्षरावर होते. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि लगेच त्याच्या यूपीआय आयडीसारखाच दुसरा आयडी तयार झाला. फरक फक्त शेवटच्या ‘एस’चा होता. दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागानं तो उघडकीस आणला आणि बँकेनं तो बंद केला. तो काळ आठवून बघावा. टाळेबंदी, भीती, काहीतरी केलंच पाहिजे अशी तळमळ. अशा वेळी माणूस अक्षरं मोजत बसत नाही आणि फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

महाराष्ट्रात यावर कायद्याचा आधार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी बांधील राहावं लागतं. गणेश मंडळं याच कलमाखाली परवानगी घेतात. मंडळाला जो नियम आहे तोच क्यूआर कोड टाकणाऱ्यालाही लावून काही प्रश्न विचारायला हवेत. नोंदणी क्रमांक काय, पैसे जातात ते खातं संस्थेचं की कुणाचं खासगी, पावती मिळते का, मागच्या मोहिमेचा हिशेब कुठं बघायला मिळेल? प्रामाणिक कार्यकर्त्याला हे प्रश्न खटकत नाहीत. त्याच्याकडं उत्तरं तयार असतात.

हिशेब मांडला की उथळ वाटणारी मोहीमही फळाला येते. २०१४ मध्ये जगभर लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या तेव्हा तो पोरखेळ वाटला होता. पण त्यातून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडं ११.५ कोटी डॉलर जमले, त्यातला मोठा भाग संशोधनाला गेला आणि २०१६ मध्ये त्या पैशाच्या आधारानं या आजाराशी जोडलेल्या एका जनुकाचा शोध जाहीर झाला. बर्फाच्या बादल्यांच्या दोन वर्षं आधी, २०१२ मध्ये, युगांडातल्या बंडखोर जोसेफ कोनीवरचा व्हिडिओ सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिला गेला होता. शहरोशहरी भिंतींवर त्याची पोस्टर लावायची ठरलेली रात्र एप्रिलमध्ये आली तेव्हा रस्त्यावर तुरळक माणसं आली. कोनी सापडला नाही. पहिल्या मोहिमेत पैसा कुणाकडं जाणार आणि तो खर्च कशावर होणार, हे ठरलेलं होतं. दुसरीत बघणाऱ्यानं पुढं नेमकं काय करायचं, हेच धड ठरलेलं नव्हतं.

धाराशिवच्या पुरातही खऱ्या मदतीची एक जागा अजून मोकळी आहे. सरकारी भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, त्याच्या बँक खात्यात मिळते. जो दुसऱ्याचं रान बटईनं करतो त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. नवरा गेल्यावर सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या बाईचंही नसतं. बियाणं, खत, मजुरी त्यांनी घातलेली असते आणि पीक गेलं ते त्यांचंच. पंचनाम्यात ते दिसत नाहीत आणि बहुतेकदा व्हिडिओतही नसतात. गावातली अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतले गुरुजी आणि बचतगटाच्या बायका मात्र त्यांची नावं न अडखळता सांगतात. पुण्या-मुंबईतून एखाद्या मंडळाला काही पाठवायचं असेल, तर टेम्पो भरण्याआधी त्यांच्यापैकी कुणालातरी एक फोन करावा आणि ती यादी मागून घ्यावी.