निकालापूर्वीची घालमेल

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतले मूल दोन तासांत 80 प्रश्न सोडवून मोकळे होते आणि दुसऱ्या दिवशी खेळात रमते. परंतु विद्यालयातील जागा फार तर 80, त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी, आणि ही परीक्षा पुन्हा देण्याची मुभा नाही, हे सारे पक्के ठाऊक असलेला बाप मात्र घामाने मऊ पडलेले प्रवेशपत्र समोर धरून त्यावरील अनुक्रमांक मोबाइलवर पुनःपुन्हा टाकीत राहतो.

या अस्वस्थतेची चिकित्सा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केली. संगणकावरील दगडाखाली साप निघाल्यास हाताला विजेचा झटका, असा तो प्रयोग. घाम व डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार मोजता असे दिसले की, झटका अटळ असताना नव्हे, तर त्याची शक्यता निम्मी असताना ताण पराकोटीस पोहोचतो. म्हणजे मेंदूस अनिष्टाहून अनिश्चिती अधिक जाचते. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची महिनोन्‌महिने ताटकळत वाट पाहणाऱ्या उमेदवारांत मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांना तर असे आढळले की, मन रमविण्याच्या नाना युक्त्यांनी त्यांची तगमग फारशी शमली नाही. मात्र जे आधी अधिक तळमळले, त्यांनी वाईट बातमी अधिक धीराने पचविली. तेव्हा ‘काळजी करू नका’ हा आपला आवडता उपदेश, माझ्या मते, केवळ निरुपयोगी होय. त्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘लागला का निकाल?’ ही रोजची चौकशी तेवढी तहकूब करावी.