टिटवीचा प्लॉट आणि बिबट्याचा ऊस
अंबड एमआयडीसीत आमच्या कारखान्यामागे एक प्लॉट बरीच वर्षं पडून होता. खडी, फुटकं काँक्रीट, गाजरगवत. एप्रिलच्या दुपारी तिकडे पाऊल टाकलं की टिटवी डोक्यावर कल्ला करायची. घरटं शोधून सापडायचं नाही, कारण घरटं म्हणावं असं काही नसतंच. जमिनीत जरासा खळगा, कडेला खडे आणि मधे टोकं आत वळवलेली चार अंडी. मातकट रंग, त्यावर काळे डाग. पायाखाली येईपर्यंत तीही खडीच वाटते.

अंडी उबवायची असतात हे आपण शाळेत शिकलो. नाशिकच्या उन्हाळ्यात मात्र टिटवीला ती थंड ठेवावी लागतात. नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरतात. गळक्या नळाखाली साचलेल्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची, तसंच परत येऊन अंड्यांवर बसायचं, अशा त्यांच्या खेपा मी जेवणाच्या सुट्टीत पाहिल्यात. हे महिनाभर चालतं. पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात. आईबापांनी इशारा दिला की जागच्या जागी जमिनीला चिकटतात. टिटवी समुद्र आटवते ही म्हण उगाच नाही पडलेली.

शेडच्या कैच्यांवर कबुतरं असतात. मशीनवर घाण करतात म्हणून त्यांना सगळेच शिव्या देतात, मीही देतो. पण पहिले काही दिवस कबुतराची पिल्लं दाण्यावर नाही, दुधावर वाढतात. हे दूध गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून सुटतं, प्रथिनं आणि चरबीने भरलेलं असतं आणि ते बापालाही येतं! निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरला तर कमळपक्ष्याची मादी अंडी घालून मोकळी होते; उबवणं आणि पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे.

जिल्ह्यातलं सगळ्यात अवघड बाळंतपण उसातलं. पाणी, आडोसा, जवळच कुत्री-डुकरं. बिबट्याच्या मादीला आणखी काय हवं? दोन-तीन बछडे होतात. डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस जातात, दूध सुमारे तीन महिने, आणि शिकार शिकत आईमागे फिरणं दीड-दोन वर्षं. ती त्यांना सरीत दडवून रात्री शिकारीला जाते. ऊसतोड सुरू झाली की कोयत्यापुढे अचानक बछडे दिसतात. पूर्वी लोक ते उचलून आणायचे आणि पिसाळलेली आई गावाभोवती घिरट्या घालायची.

आता वनखात्याची माणसं आणि पशुवैद्य बछडे तपासतात आणि अंधार पडायच्या आत, जिथे सापडले तिथेच, क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी येते, आधी बराच वेळ अंदाज घेते. मग क्रेट पंजाने कलंडवते, एकाला मानेला धरून उचलते आणि नाहीशी होते. दुसरा तिथेच. पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पण ती दुसऱ्यासाठीही येते, कधी त्याच रात्री, कधी दुसऱ्या.

2020 च्या ऑगस्टमध्ये इगतपुरी भागात एका मादीने झोपडीतच चार बछड्यांना जन्म दिला. तिला हुसकलं नाही, लक्ष ठेवलं. पुढे तिने स्वतःच ते एकेक करून हलवले.

आमच्या प्लॉटवर यंदा मे महिन्यात जेसीबी आला. ड्रायव्हरने खळग्याभोवती चार विटा मांडल्या आणि तो कोपरा सोडून बाकीचं खोदलं. टिटवी दिवसभर त्याच्या टपावर ओरडत होती.