आई-वडिलांसाठी लहान गाडी : निवडताना काय पाहावे?

अर्नाळ्याहून विरार स्टेशन गाठायचे म्हणजे आगाशीमार्गे बस किंवा रिक्षा. धडधाकट माणसाला या प्रवासाचे काही वाटत नाही. परंतु ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, किंवा ज्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे, अशा आई-वडिलांना बसची पहिली पायरीच डोंगराएवढी वाटते. रिक्षात तर वाकून शिरावे लागते आणि उतरताना कुणीतरी ओढून काढावे लागते. मग हळूहळू माणूस बाहेर पडणेच सोडतो. "मला आता कुठे जायचंय?" असे म्हणू लागतो. घरातल्यांना वाटते, वयोमानाने इच्छा उरली नाही. वस्तुतः इच्छा असते. वाहनात चढण्या-उतरण्याची भीती आणि लाज आड येत असते.

माझ्या आईचे असेच झाले. लग्नकार्य सुटले, नात्यातली मयत सुटली, शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरची तारीखही चुकू लागली. तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी पैसे एकत्र करून लहान गाडी घेण्याचे ठरविले. त्या खटपटीत आम्ही एक मोठी चूक केली आणि तिच्यातून बरेच शिकलोही. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न आहे आणि विद्यार्थी मित्रांच्या घरी तो उद्या येणार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची चूक

आम्ही गाडी पाहिली. आईला पाहिले नाही. रंग, किंमत, किती किलोमीटर चालली, ॲव्हरेज किती, एवढी चौकशी करून एका जुन्या, बुटक्या गाडीचा विसार देऊन मोकळे झालो. गाडी दाखवायला दारात आणली, तेव्हा आई बसली खरी, पण बसली म्हणण्यापेक्षा आत पडली. उतरताना तिला उठताच येईना. भावाने आणि मी काखेत हात घालून तिला बाहेर काढले. शेजारीपाजारी बघत होते. आई काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "मला उचलून घालायचं असेल, तर मी नाही यायची. मला बसता आलं पाहिजे."

विसाराचे पैसे बुडाले. परंतु गाडी कशी निवडावी याचा सगळा नियम त्या एका वाक्यात आहे. माणसाला स्वतःहून बसता आणि उतरता आले पाहिजे. बाकीच्या सर्व गोष्टी त्यानंतर.

आधी माप, मग गाडी

खालच्या आसनावरून उठताना शरीराचा सगळा भार मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येतो. आसन जितके खाली, तितका गुडघा जास्त दुमडतो आणि उठायला तितका अधिक जोर लागतो. म्हणून पहिले काम घरातच करावे. आई-वडील घरातल्या कोणत्या आसनावरून आधाराशिवाय उठतात ते पाहावे आणि जमिनीपासून त्या आसनाची उंची टेपने मोजावी. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठायला आईला हात द्यावा लागे. खाटेच्या पायांखाली विटा लावल्यावर मात्र ती आपली आपण उठू लागली. त्या उंच केलेल्या खाटेचे माप हेच आमच्या गाडीचे माप ठरले.

गाडी पाहायला जाताना टेप बरोबर न्यावा. पुढच्या डाव्या आसनाची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. त्यावर माणूस बसल्यावर गादी दबते, हेही लक्षात घ्यावे. हे माप घरातल्या मापाच्या जवळ आले, तरच पुढची बोलणी करावीत.

आसन फार उंच असणेही वाईट. मोठ्या जीपसारख्या गाड्यांत आधी पाय उचलून वर चढावे लागते. ज्याला बसची पायरी जमत नाही, त्याला हेही जमणार नाही. दोन्ही पाय जमिनीवर असतानाच मागे टेकून बसता यावे, ही खरी उंची.

लहान गाड्यांतही या बाबतीत पुष्कळ फरक आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० मध्यमवर्गाची पहिली गाडी ठरली, परंतु तिची उंची जेमतेम १४०० मिलिमीटरच्या आसपास. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९९८ मध्ये सँट्रो आणि १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर आली, आणि लांबीला लहान पण उंचीला जास्त अशी गाडी आपल्याकडे रुळली. अशा गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो. २०१९ पासूनच्या वॅगन-आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे. अल्टो के-१० ची १५२०, तर टियागोची १५३५ आहे. टपाची उंची म्हणजे आसनाची उंची नव्हे. तरीही टप उंच असला की डोके फार न वाकवता आत जाता येते, आणि मान किंवा कंबर आखडलेल्यांना त्याचा फार उपयोग होतो.

दार, उंबरा आणि बसण्याची रीत

चालण्याची अडचण असलेल्या माणसासाठी पुढची डावी जागा बहुधा सर्वांत सोयीची. तिथे पाय ठेवायला जागा जास्त असते, आसन मागे सरकवता येते, आणि दार रहदारीच्या बाजूला न उघडता रस्त्याच्या कडेला उघडते. मागच्या दाराची फट लहान गाड्यांत अरुंद असते. दार पुरते उघडल्यावर किती जागा मिळते आणि दाराखालचा उंबरा किती उंच आहे, हे दोन्ही पाहावे.

एक पाय आत टाकून डोके घालण्याची आपली नेहमीची रीत अशा माणसाला धोक्याची आहे. योग्य रीत अशी : आसन पूर्ण मागे सरकवावे. गाडीकडे पाठ करून उभे राहावे. मागे आसन लागल्याची खात्री करून, टप लागणार नाही इतके डोके वाकवून आधी बसावे. मग उजवीकडे वळत प्रथम उजवा आणि नंतर डावा पाय आत घ्यावा. उतरताना याच्या उलट. यात डावा पाय शेवटी दाराच्या कडेजवळून आत येतो. म्हणून ज्यांचा डावा गुडघा वाकत नाही, त्यांच्यासाठी दार जास्त उघडणारी गाडी पाहावी. खुब्याचे ऑपरेशन झाले असल्यास किती वाकायचे आणि गाडीत केव्हापासून बसायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आधारासाठी उघड्या दाराला लोंबकळू नये. दार हलते आणि माणूस पडतो. दारावरच्या बाजूला पक्की मूठ आहे की नाही ते पाहावे. आपल्याकडे गाडी घेतली की टॉवेलच्या कापडाची कव्हरे घालण्याची हौस असते. त्यावर सुती लुगडे चिकटते आणि अंग वळत नाही. वळायला सोपे जावे म्हणून गुळगुळीत कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी आसनावर ठेवता येते. मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढलीच पाहिजे. नाहीतर जोरात ब्रेक लागल्यास माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो.

सामान कोठे ठेवणार?

वॉकर किंवा घडीची चाकाची खुर्ची बरोबर असेल, तर ती डिकीत ठेवून पाहावी. कागदावरचे लिटरचे आकडे येथे उपयोगी पडत नाहीत. आपल्या भागात खर्च वाचावा म्हणून अनेकजण सीएनजीची गाडी घेतात. तिच्या टाकीने डिकीची बरीच जागा जाते आणि खुर्ची मागच्या आसनावर आडवी टाकावी लागते. २०२३ मध्ये टाटा कंपनीने अल्ट्रोझ आणि टियागो या गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविल्या, त्यामुळे वरची जागा वापरता येते. कोणतीही गाडी असो, खुर्ची घरून नेऊन ठेवून पाहणे हीच खरी परीक्षा. खुर्ची उचलून ठेवणारा माणूसही आपल्याच घरातला असतो. त्याला किंवा तिला ती झेपते का, हेही त्याच वेळी कळते.

सुरक्षितता आणि गिअर

पुढे बसणाऱ्या माणसासाठी पट्टा आणि एअरबॅग दोन्ही महत्त्वाची. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना २०२२ च्या सुरुवातीपासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ती फक्त चालकापुरतीच आहे. जुनी गाडी घेताना हे विचारून घ्यावे, कारण आई-वडील बसणार ते नेमके त्याच जागेवर.

वडील स्वतः गाडी चालवीत असतील आणि त्यांचा डावा पाय अधू असेल, तर क्लच नसलेली गाडी पाहावी. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपोआप गिअर बदलणारी स्वस्त यंत्रणा लहान गाडीत आली आणि आता ती अनेक गाड्यांत मिळते. उजवा पाय अधू असल्यास मात्र हाताने चालवायची साधने बसवावी लागतात. गाडीच्या रचनेत असा बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मान्यता घेऊन नोंदणीपुस्तकात नोंद करावी लागते. ओळखीच्या गॅरेजात परस्पर काम उरकू नये.

जुनी गाडी आणि खारी हवा

आपल्यापैकी बहुतेकांना जुनी गाडीच परवडते, आणि त्यात कमीपणा नाही. परंतु अर्नाळ्याची हवा खारी. किनाऱ्यालगत उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खालून गंजलेली असू शकते. दाराची खालची कड, उंबऱ्याखालचा पत्रा आणि पायपोसाखालची जमीन उजेडात तपासावी. माणूस बसता-उतरता नेमका उंबऱ्यापाशीच भार देतो, म्हणून तेथला गंज मुळीच चालवून घेऊ नये. घेतल्यावरही गाडी खालून गोड्या पाण्याने वरचेवर धुवावी आणि वाळूत नेऊ नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे ती तपासणी करून नूतनीकरण करावी लागते. उरलेली वर्षे किती, हे पाहूनच किंमत ठरवावी.

कर आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. लहान पेट्रोल गाडी म्हणजे ४ मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची. पूर्वी अस्थिव्यंग असणाऱ्यांना प्रमाणपत्र आणून १८ टक्क्यांची सवलत मिळवावी लागे. आता लहान गाडीला तोच दर सर्वांना आहे. तेव्हा "सवलत मिळवून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे.

तरीही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे. म्हातारपण आहे म्हणून अर्जच करायचा नाही, ही समजूत चुकीची आहे.

फिरते आसन

डिसेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आरसाठी फिरत्या आसनाचा पर्याय काही शहरांत आणला. यात पुढचे आसन दाराकडे वळते, माणूस बाहेर तोंड करून बसतो आणि मग आसनासह आत फिरतो. पाय आत घेताना वळणे ज्यांना जमत नाही, त्यांना हे उपयोगी आहे. मात्र असे आसन माणसाला उचलत नाही. त्यावर बसण्या-उठण्याची ताकद लागतेच. आपल्या जवळच्या विक्रेत्याकडे ते मिळते का, हे विचारून आधी बसून पाहावे.

गाडी नकोच असेल तर?

गाडी घेण्यापूर्वी तीन महिने एका वहीत प्रत्येक खेपेची नोंद करावी : कुठे गेलो, किती भाडे लागले, आणि कुठे जायचे राहून गेले. खेपा थोड्याच असतील, तर उंच आसनाची भाड्याची गाडी ठरवून बोलावणे कर्जाच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते. घर अरुंद गल्लीत असेल, तर गाडी दारापर्यंत येते का आणि आल्यावर दार पूर्ण उघडते का, हेही पाहावे. अर्नाळा किल्ल्यावर राहणाऱ्या आपल्या बांधवांना तर आधी होडीचा प्रश्न सोडवावा लागतो. गाडी त्यांच्या कामाची, ती अलीकडच्या किनाऱ्यापासून पुढे. मात्र वहीतला "राहून गेले" हा रकाना भरत चालला असेल, तर केवळ भाड्याचा हिशेब करू नये.

आम्ही दुसऱ्या वेळी आईला बरोबर घेऊन गेलो. तिने तीन गाड्यांत प्रत्येकी दोनदा बसून-उतरून पाहिले. विक्रेत्याला घाई होती. आम्ही केली नाही. तिसऱ्या गाडीतून ती कुणाचा हात न धरता उतरली आणि म्हणाली, "ही चालेल." आम्हांला रंग आवडला नव्हता. घेतली तीच. डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख त्यानंतर चुकलेली नाही, आणि परवा तर तिनेच विचारले, "रविवारी कोणी रिकामं आहे का? आगाशीला जाऊन येऊ."

सभासद बंधु-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती, की गाडी पाहायला जाताना जिच्यासाठी किंवा ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांना घरी ठेवून जाऊ नका. टेप बरोबर न्या, वॉकर बरोबर न्या, आणि शेवटचा शब्द त्यांचा राहू द्या.