मधुमेहाचा दहा वर्षांचा प्रयोग

आपण जें अन्न खातों त्याचा बराचसा भाग साखरेच्या रूपानें रक्तांत मिसळतो. ही साखर पेशींत शिरावयास इन्सुलिन नांवाचा रस लागतो व तो जठरामागील स्वादुपिंडांत तयार होतो. कांहीं मुलांच्या व तरुणांच्या शरीरांत हा रस जवळजवळ नाहींसा होतो; त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. १९२२ सालच्या जानेवारींत कॅनडांतील टोरांटो शहरीं एका १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोंचण्यांत आलें, आणि थोड्याच काळांत प्राणास मुकणारे असे रोगी जगूं लागले.

परंतु कांहीं वर्षांनीं त्यांच्यापुढें दुसरें संकट उभें राहिलें. कोणाची दृष्टि गेली, कोणाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, कोणाच्या पायांची संवेदना नष्ट झाली. रक्तांतील साखर निरोगी मनुष्याइतकी ठेविल्यास हे अनर्थ टळतील, असें कांहीं डॉक्टर म्हणत. इतरांस तें पटत नसे. नुसत्या वादानें निर्णय होईना.

तेव्हां १९८३ सालीं अमेरिका व कॅनडा येथें एक मोठा प्रयोग आरंभिण्यांत आला. १३ ते ३९ वर्षें वयाचे १४४१ रोगी स्वखुषीनें त्यांत आले. कोणास कोणता उपचार द्यावा, हें केवळ सोडतीनें ठरलें. असें कां? डॉक्टरांनीं निवड केली असती, तर दक्ष रोगी नकळत एकाच बाजूस गेले असते, आणि गुण उपचाराचा कीं रोग्याचा, हें कळलें नसतें.

एका गटास त्या काळच्या रीतीप्रमाणें दिवसांतून एक किंवा दोन वेळां इन्सुलिन मिळे. दुसऱ्या गटास तें तीन किंवा अधिक वेळां टोंचून अथवा लहानशा पंपानें घ्यावें लागे. शिवाय रोज निदान चार वेळां बोटांतून रक्ताचा थेंब काढून साखर तपासावी लागे.

१९९३ सालीं निकाल इतका स्पष्ट झाला कीं, प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. आरंभीं ज्यांचे डोळे निरोगी होते, अशांत कडक नियमनामुळें नेत्रविकाराचा धोका ७६ टक्के कमी झाला होता. मूत्रपिंडें व ज्ञानतंतू यांचेंहि पुष्कळ रक्षण झालें. मात्र साखर एकाएकीं फार उतरून दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग याच गटांत सुमारें तिप्पट आले, आणि तेंहि उघडपणें सांगण्यांत आलें. पुढें पहिल्या गटासहि नवी पद्धति शिकविण्यांत आली.

आज त्वचेखालीं बसविलेल्या बारीक तारेनें दर कांहीं मिनिटांस साखर मोजणारीं व ती उतरूं लागतांच इशारा देणारीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांचीहि परीक्षा अशाच सोडतीच्या प्रयोगांनीं झाली आहे.

एखादा सोबती वर्गांत बोटास सुई टोंचतांना किंवा मध्येंच साखर खातांना दिसला, तर विद्यार्थ्यांनीं त्याची थट्टा करूं नये. तो आपले डोळे व आयुष्य जपत असतो. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून मुलाचें इन्सुलिन कधींहि बंद करूं नये. जें ज्ञान इतक्या रोग्यांनीं वर्षानुवर्षें कष्ट सोसून मिळवून दिलें, त्याचा अव्हेर करणें आपणांस परवडणारें नाहीं.